जिन्याला भिंतीकडूनही दांडी हवी

साठीपुढच्या पेशंटला ब्लड प्रेशरची गोळी लिहून देताना मी हल्ली दोन जादा प्रश्न विचारतो. कितव्या मजल्यावर राहता? आणि जिन्यात धरायला काय आहे? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला बरेच जण थबकतात. "रेलिंग आहे की डॉक्टर," म्हणतात, आणि जरा वेळाने पुढचं येतं. "पण तिथे कुणीतरी सायकल बांधलेली असते." "ते हलतं, म्हणून मी आपली भिंतीला हात लावून उतरते."

भिंतीला हात लावून उतरणं म्हणजे काहीही न धरता उतरणं. सपाट भिंत पकडता येत नाही. तोल जाईपर्यंत ती धीर देते आणि तोल गेला की हात तिच्यावरून नुसता घसरत जातो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या भागातल्या लिफ्ट नसलेल्या प्रत्येक इमारतीत जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूला, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, मुठीत मावेल अशी मजबूत दांडी बसवली पाहिजे. आतल्या बाजूला कठडा आहे म्हणून भागत नाही. आणि तिचा खर्च आजोबा-आजींनी आपल्या पेन्शनीतून नव्हे, सोसायटीने करायला हवा. हे मत बांधकामाबद्दल वाटेल, पण मी ते डॉक्टर म्हणून मांडतोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो, आणि त्यात सर्वाधिक वाटा साठीपुढच्यांचा आहे. आपल्याकडे मात्र पडणं हा आजार मानला जात नाही. "पाय घसरला" म्हटलं की विषय संपतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला असतो, पायातून फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी लिहिलेली असते, पण त्याआधी दोन महिने ती व्यक्ती जिन्यात पडून खुबा मोडला होता हे घरच्यांनाच ठाऊक असतं.

खुब्याच्या फ्रॅक्चरची गंभीरता लोकांना कळलेली नाही असं मला राहून राहून वाटतं. हार्ट अटॅक म्हटलं की सगळे धावतात. खुबा मोडला तर "बसवतील प्लेट" असं म्हणतात. वयस्कर माणसांत खुबा मोडल्यानंतर वर्षभरात पाचातली एक व्यक्ती दगावते, काही ठिकाणी त्याहून जास्त. जे वाचतात त्यांतले कित्येक पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं लागतं, कारण माणूस अंथरुणाला जितका खिळून राहील तितकी छाती भरते, पाठीला जखमा होतात आणि स्नायू वितळत जातात.

बरं, माणूस पडतो तो केवळ वयामुळे नाही. त्याच्या पिशवीत आम्हीच दिलेल्या गोळ्या असतात. बीपीच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या. बसलेला माणूस उभा राहिला की तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर त्याला आम्ही उभं राहिल्यावर बीपी पडणं म्हणतो. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खुर्चीतून उठून, चपला घालून, कुलूप लावून माणूस पहिल्या पायरीवर येतो तो नेमका याच काळात. डायबेटिसवाल्यांच्या तळपायांना पायरीची कड नीट जाणवत नाही. मोतीबिंदू पिकत आलेला असेल तर एकाच रंगाच्या लादीच्या दोन पायऱ्यांमधली रेघ दिसत नाही. आणि बायफोकल चष्मा लावून खाली पाहिलं की नजर वाचायच्या काचेतून जाते, पायरी धूसर आणि भलत्याच अंतरावर दिसते. यातली एकेक गोष्ट मी थोडीफार सुधारू शकतो. सगळ्या मिळून जिन्यात एकदम येतात तेव्हा उपयोग होतो तो धरलेल्या दांडीचाच.

शहाड आणि आसपासच्या वस्तीचा विचार करा. इथले बरेच लोक कारखान्यांमुळे आले. शहाडला सेंच्युरी रेयॉन, पलीकडे मोहने-आंबिवलीला एनआरसी. एनआरसी २००९ साली बंद पडली, पण कामगारांची घरं इथेच राहिली. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ऐन तिशीत ज्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, त्यांना तेव्हा वरचा मजला म्हणजे वारा, उजेड आणि पुराच्या पाण्यापासून सुटका वाटली. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्याला तसं वाटणं साहजिकच होतं. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना ते वेगळं सांगायला नको. लिफ्ट नव्हती, आणि कुणाला हवीही नव्हती. आता तीच माणसं सत्तरीत आहेत आणि इमारतीही त्यांच्याबरोबरच म्हाताऱ्या झाल्या आहेत.

जिना जिवावर उठू शकतो हे आपल्याला गर्दीत पटतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून तीन पादचारी पूल बांधून घेतले गेले. त्यातला एक आपल्या पुढच्याच स्टेशनावर, आंबिवलीला आहे. घरच्या जिन्यात माणसं एकेकटी पडतात. दुपारी तीन वाजता, हातात गिरणीचा डबा घेऊन, दोन मजल्यांच्या मधे. त्याची बातमी होत नाही आणि त्यासाठी कुणी पूलही बांधत नाही.

कठडा वेगळा, दांडी वेगळी

"रेलिंग आहे की" या उत्तरात गोंधळ आहे तो इथे. जिन्याच्या आतल्या बाजूला, दोन वळणांच्या मधल्या पोकळीकडे जे असतं तो कठडा. त्याचं काम माणसाला वरून खाली कोसळू न देणं. ते काम भिंतही करते. म्हणून बिल्डरने भिंतीच्या बाजूला काही लावलं नाही, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. धरून चालायची दांडी ही दुसरी वस्तू आहे. ती पडणाऱ्या माणसासाठी असते, मग पोकळी असो वा भिंत. बहुतेक माणसं पोकळीत कोसळत नाहीत, ती पायऱ्यांवरच आपटतात.

दांडीची पहिली अट म्हणजे अंगठा आणि बोटं तिच्याभोवती फिरून मिटली पाहिजेत. लोकलच्या दारातला मधला खांब आठवा. ऐन गर्दीत, एका पायावर, अंबरनाथपासून दादरपर्यंत माणूस त्या खांबाच्या जिवावर जातो, कारण तो मुठीत मावतो. याउलट नव्या इमारतींमधला सहा इंच रुंद ग्रॅनाइटचा कठडा बघा. दिसायला झकास. हात त्याच्यावर ठेवता येतो, त्याला धरता येत नाही. अपंगांसाठीच्या सुगम्य इमारतींच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये गोल दांडीचा व्यास ३८ ते ४५ मिलिमीटर सांगितला आहे. घरात मोजपट्टी नसेल तर चांगलं जाड लाटणं मुठीत धरून बघा, जाडीचा अंदाज येईल. दांडी आणि भिंत यांच्यात किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर बोटांची पेरं प्लास्टरवर खरचटतात आणि माणूस धरायचं सोडून देतो.

उंचीबद्दल त्याच सूचनांमध्ये दोन दांड्या सांगितल्या आहेत, एक ९० सेंटीमीटरवर आणि दुसरी ७६ सेंटीमीटरवर. दोन्ही परवडत असतील तर उत्तमच, खालची मुलांनाही होते. एकच लावायची तर सुमारे ९० ची लावा, पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर मोजून. आपल्याकडच्या आज्या पाच फुटांच्या आत असतात. दांडी त्यांच्या छातीशी आली तर हात वर धरून त्या थकतात.

आणि ती पहिल्या पायरीच्या आधी सुरू होऊन शेवटच्या पायरीच्या पुढे संपली पाहिजे, दोन्हीकडे निदान ३० सेंटीमीटर. लोक या मुद्द्याला हसतात. पण जिन्यात चुकीचं पाऊल पडतं ते बहुधा वरच्या दोन-तीन किंवा खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर. "संपल्या पायऱ्या" असं वाटून पाऊल पुढे टाकलं जातं आणि एक पायरी शिल्लक असते. आपले कठडे नेमके शेवटच्या पायरीच्या आधीच संपतात. हात आधी सुटतो, पाय नंतर पोचतो. दांडी पुढे आली असेल तर अंधारातही हाताला कळतं की पायऱ्या अजून आहेत.

हात आधीपासून दांडीवर असणं महत्त्वाचं आहे. तोल गेल्यावर शोधून धरायला सेकंदभरही मिळत नाही, तेही ज्याची चपळाई शाबूत आहे त्याला. म्हणून दांडी सलग हवी, मधे न तुटणारी, वळणावरच्या लँडिंगलाही वळसा घालून जाणारी. गोधड्या वाळत घातलेल्या, कुंड्या लटकवलेल्या, कुलपाची साखळी गुंडाळलेल्या कठड्यावरून हात सरकत जाऊच शकत नाही. गोधड्यांबद्दल मला वेगळा लेख लिहावा लागेल.

आता दोन्ही बाजूंचा मुद्दा. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. उजवा हात-पाय लुळा, डावा हात चांगला. जिना चढताना कठडा डाव्या हाताला असेल तर तो हळूहळू वर येतो. खाली उतरताना तोच कठडा उजव्या हाताला येतो, जो हात मूठ वळत नाही. म्हणजे या माणसाला घरी जाता येतं, घराबाहेर पडता येत नाही. फिजिओथेरपिस्ट अशांना कधीकधी तोंड वर ठेवून उलटं उतरायला शिकवतात. तीन मजले असं उतरून बघा. असे पेशंट मग उतरतच नाहीत. फिजिओथेरपी सुटते, तपासणी सुटते, शेजारच्या कट्ट्यावरचं बसणं सुटतं. मुलगा येऊन रिपोर्ट दाखवतो आणि मी न बघितलेल्या माणसाचं औषध बदलावं अशी अपेक्षा करतो. खांदा आखडलेल्या बाईंचं तेच, मनगट मोडून प्लास्टर घातलेल्याचं तेच, आणि एका हातात पिशवी असलेल्या कुणाचंही तेच. एका बाजूचा कठडा अर्ध्याच प्रवासाला पुरतो.

हलवून बघा

मजबुतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कमकुवत दांडी ही नसलेल्या दांडीपेक्षा वाईट. तिच्यावर माणूस विसंबतो.

उभा कठडा खालून धरलेला असतो आणि धक्का बसतो वरच्या टोकाला. तरफेचा नियम शाळेत सगळ्यांनी शिकलेला आहे. ९० सेंटीमीटर उंचीवर ५० किलोचा आडवा धक्का बसला आणि खालच्या पट्टीतले बोल्ट एकमेकांपासून ९ सेंटीमीटरवर असले, तर बोल्ट उपटू पाहणारा जोर साधारण दहापट, म्हणजे ५०० किलोच्या घरात जातो. आणि हाच भाग जिन्यात सगळ्यात दुर्लक्षित असतो. पायप जिथे लादीत शिरतो तिथे पुसायचं पाणी साचतं, जाळीतून पावसाची झड येते, आतून गंज धरतो. दिवाळीला त्याच्यावर चकचकीत ऑइल पेंटचा हात फिरतो. वरून नवा, मुळाशी पोकळ.

खुब्याचं हाडही असंच बांधलेलं आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा बाजूला निघालेल्या एका तिरप्या मानेवर बसलेला असतो, भिंतीतून बाहेर आलेल्या ब्रॅकेटसारखा. शरीराचा भार त्या मानेतून खाली उतरतो. हाड विरळ झालं की पहिला घाव तिथेच बसतो. सांगायचं कारण असं की एक्स-रेमध्ये मोडलेली मान मी कुणाला दाखवतो तेव्हा ते लगेच समजतं, पण गंजलेल्या रेलिंगचं मूळ रोज नजरेसमोर असून कुणी वाकून बघत नाही.

भिंतीवरच्या दांडीचा फायदा इथेच आहे. ती भिंतीपासून सात-आठ सेंटीमीटरच पुढे असते, तरफ आखूड असते, त्यामुळे तोच भार तिच्या ब्रॅकेटला कितीतरी कमी जाणवतो. म्हणजे जी वस्तू आपल्याकडे नाही तीच बसवायला सोपी, स्वस्त आणि टिकाऊ आहे. फक्त भिंत कशाची आहे ते बघायला हवं. ठोकल्यावर डबडब आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे. चार इंची विटेच्या किंवा सायपोरेक्सच्या भिंतीत साध्या प्लगवर स्क्रू मारून दांडी लावू नका; पहिल्याच हिसक्याला भोकासकट बाहेर येते. तिथे बोल्ट आरपार घालून पलीकडून पत्र्याची जाड पट्टी द्यावी लागते, किंवा केमिकल अँकर वापरावे लागतात, आणि जिथे काँक्रीटचा कॉलम किंवा बीम सापडेल तिथे ब्रॅकेट त्याच्यात घ्यावं. दर तीन फुटांवर एक ब्रॅकेट असं फॅब्रिकेटरकडून लिहून घ्या. स्टेनलेसमध्ये ३०४ मागा, २०२ स्वस्त पडतं पण आपल्या पावसाळ्यात त्यावर डाग धरतात. चुंबक चिकटत नाही म्हणजे उत्तम स्टील, हे दुकानातलं प्रात्यक्षिक फसवं आहे, कारण २०२ लाही चुंबक फारसं चिकटत नाही. साधा लोखंडी पायप, गंज खरवडून, रेड ऑक्साइड लावून, वर रंग, हेही चांगलं काम देतं. पोपडे निघाले की लक्षात येतं, एवढा त्याचा प्रामाणिकपणा आहे.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही हातांनी धरा, पाय रोवा, जोर लावून स्वतःकडे ओढा, मग ढकला. हे खाली उभ्या असलेल्या तरुण माणसाने करायचं, वर उभ्या असलेल्या आजोबांनी नाही. टोकाशी बोटभर जरी हललं तरी त्याला कठडा म्हणू नका. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत कठड्याच्या वरच्या टोकाला कुठेही, कुठल्याही दिशेने २०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९० किलोचा भार सहन झाला पाहिजे अशी अट आहे. एक धडधाकट माणूस अंगावर येऊन आदळला तर एवढा भार सहज पडतो.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिथल्या डेकबद्दलही लिहितो, कारण माझे कितीतरी पेशंट सहा-सहा महिने मुलांकडे राहून येतात आणि मोबाइलवर घरामागच्या लाकडी ओट्याचे फोटो दाखवतात. तिथे जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच डेक असेल तर किमान ३६ इंचांचा कठडा लागतो, चार किंवा जास्त पायऱ्या असतील तर दांडी लागते, आणि कठड्याच्या गजांमधून चार इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये. चार इंच कारण लहान मुलाचं डोकं. आपल्याकडे बाल्कनीच्या आडव्या गजांवर पाय ठेवून नातवंडं चढतात ते बघून मला त्या चेंडूची आठवण येते.

तो डेक आता आपल्याकडेही आला आहे. शहाडहून मुरबाड रस्त्याला लागलात की दर थोड्या अंतरावर फार्महाउसचे फलक दिसतात, आणि बागेत लाकडी ओटा, त्याला दोरीचा किंवा बांबूचा शोभेचा कठडा. शनिवारी अख्खं कुटुंब जातं, आजी-आजोबांसकट. आजोबा संध्याकाळी त्या कठड्याला रेलतात, कारण कठडा म्हटलं की माणूस रेलणारच. चार महिन्यांच्या पावसात लाकडाचं काय होतं ते सुताराला विचारा. काँक्रीटच्या खड्ड्यात थेट रोवलेला खांब पाणी पीत राहतो आणि जमिनीलगत कुजतो, वरून पॉलिश तसंच. खांबाला खाली जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बूट हवा, त्यात पाणी साचायला नको, आणि खांब डेकच्या तुळईला खिळ्यांनी नव्हे, आरपार बोल्टांनी आवळलेला हवा. खिळा दर पावसाळ्यात केसभर सैल होत जातो. भाड्याने घेतलेल्या जागी गेलात तर सामान ठेवण्याआधी कठडा हलवून बघा. मालक जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

लोक काय म्हणतात

भिंतीकडच्या दांडीला विरोध होतो आणि त्यातला एक मुद्दा खरा आहे. जिना अरुंद होतो. दांडी आणि मागची मोकळी जागा मिळून नऊ-दहा सेंटीमीटर जातात. तीन फुटांच्या जिन्यातून कपाट आणि फ्रिज वर नेताना ते खुपणार. माझं म्हणणं असं की फ्रिज दहा वर्षांतून एकदा वर जातो, आजी आठवड्यातून चार वेळा. आणि कपाट नेणारे हमाल दांडीच्या वरून उचलून नेतात, मी पाहिलं आहे. स्ट्रेचरचं म्हणाल तर या जिन्यांच्या वळणावर ते आजही वळत नाही, पेशंटला खुर्चीत बसवून चौघं उतरवतात. त्या चौघांनाही एक हात धरायला दांडी लागते. जिना खरोखरच तीन फुटांहून कमी असेल तर तिथे भिंतीकडची दांडी जमणार नाही हे मान्य, मग आहे तो कठडाच मुठीत मावेल असा करून घ्यावा.

"हॉस्पिटलसारखं दिसेल" हा दुसरा मुद्दा. यावर मी वाद घालत नाही.

तिसरा मुद्दा उघड बोलला जात नाही. दांडी धरणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. एका निवृत्त फिटरने मला स्पष्ट सांगितलं, "चाळीस वर्षं शिड्या चढलो, आता दांडी धरून उतरू?" मी त्यांना विचारलं की शिडी चढताना हात कुठे असायचे. ते हसले. शिडीवर दोन्ही हात धरलेलेच असतात, आणि ते कुणाला कमीपणाचं वाटत नाही.

आणि तळमजल्यावरचे सभासद. "आम्हाला जिना लागतच नाही, आम्ही पैसे का द्यायचे?" गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, त्यात जिने आहेत, गच्ची आणि गच्चीचे कठडेही आहेत. दुरुस्ती निधी याचसाठी गोळा होतो. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेल्यानंतर या ऑडिटकडे आपल्या भागात निदान लक्ष तरी गेलं. ते करणाऱ्या इंजिनिअरला जिन्याच्या कठड्याची मुळं आणि गच्चीचा कठडाही तपासायला सांगा. तो आलेलाच असतो.

सोसायट्यांच्या सभांना मीही जातो. गेटवर नवी कमान, सीसीटीव्ही, बाहेरून रंग, यांना मंजुरी दहा मिनिटांत मिळते. ते दिसतं, आणि फ्लॅटचा भाव वाढतो असं म्हणतात. दांडीचा विषय "इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" या रकान्यात, चहा आल्यावर निघतो. माझा अंदाज असा की खुब्याच्या एका ऑपरेशनच्या बिलात तीन मजल्यांची दांडी बसून वर थोडे पैसे उरावेत. पण ऑपरेशनचं बिल एक घर भरतं आणि दांडीचं बिल सगळ्यांनी भरायचं असतं, खरी अडचण ती आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषय नोटिशीत यायचा असेल तर लेखी पत्र आधी द्या, शक्यतो दोन-तीन घरांनी मिळून, आणि सोबत एका फॅब्रिकेटरचं कोटेशन जोडा. नुसत्या मागणीवर चर्चा होते, कोटेशनवर ठराव होतो.

आमच्या व्यवसायालाही एक टोला मारायला हवा. पहिल्या मजल्यावर दवाखाना, अरुंद जिना, एकाच बाजूला कठडा, आणि वर पाटी गुडघेदुखीच्या उपचारांची. असे दवाखाने कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत तुम्हीही पाहिले असतील.

दांडी लागेपर्यंतचे दिवस कसे काढायचे, तेही सांगतो. घरातून निघताना खुर्चीतून उठलात की दोन-तीन मिनिटं घरातच वावरा, मग जिन्यात या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सामान एकाच हातात, किंवा पाठीवरच्या पिशवीत. बायफोकलवाल्यांनी मान नीट खाली झुकवून वरच्या काचेतून पायरी बघावी, आणि चष्मा बदलायचाच असेल तर बाहेर फिरण्यासाठी फक्त लांबचा वेगळा करून घ्यावा. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा रंग मारायला एक डबा आणि एक दुपार पुरते. जिन्यातला दिवा गेला तर तो कुणाचा हे ठरवत बसू नका, बल्ब आणून लावा. आणि आतल्या कठड्याला बांधलेली ती सायकल ज्याची असेल त्याला आजच सांगा, खाली पार्किंगमध्ये जागा आहे.